पूर्व आशिया अभ्यास: बीए आणि एमए सलग कसं जमवायचं? (ठाणे–नवी मुंबईतून)

पाचपाखाडी
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. ठाण्यातल्या संलग्न कॉलेजात एफवायबीए, दुसरं सेमिस्टर, मेजर राज्यशास्त्र, नवीन शैक्षणिक धोरणाची बॅच. रविवारी जपानीचा एन५चा (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पातळी, सगळ्यात वरची एन१) क्लास चालू आहे. पुढे पूर्व आशियाचं राजकारण आणि अर्थकारण यातच शिकायचं नक्की आहे. बीए-एमए एकत्र, जमलं तर एकाच कार्यक्रमात करायचं डोक्यात घेतलंय.
१) अशी एकत्र पदवी कुठे मिळते आणि आता मध्येच शिरता येतं का?
२) वर्ष खरंच वाचतं का?
३) भाषा कुठवर यायला हवी?
४) कागदपत्रांचं काय?
फी आणि 'याला स्कोप आहे का' हे दोन विषय कृपया दुसऱ्या धाग्यावर.

पारसिक
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. 'एकत्र' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, भारतातले पाच वर्षांचे इंटिग्रेटेड अभ्यासक्रम. बारावीनंतर प्रवेश, पाच वर्षांनी एमए. डेहराडूनचं दून विद्यापीठ आणि झारखंड केंद्रीय विद्यापीठ इथे पूर्व आशियाई भाषांत असे अभ्यासक्रम उभे राहिले. भाची एफवायला आहे, म्हणजे इथे जायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

दोन, अमेरिकी पद्धतीचे जोड-कार्यक्रम. स्टॅनफर्डला याला कोटर्मिनल म्हणतात आणि तिथल्या पूर्व आशिया अभ्यासाच्या एमएलाही ही सोय आहे. पण तो दरवाजा फक्त त्यांच्याच पदवी विद्यार्थ्यांना उघडा असतो. ठाण्यात बीए करणाऱ्याला बाहेरून त्यात शिरता येत नाही. नेटवर यादी बघून लोक ईमेल पाठवत बसतात आणि 'तुम्ही पात्र नाही' एवढं एका ओळीचं उत्तर येतं. शिवाय तिथे बीएचे १८० युनिट आणि एमएचे ४५ वेगळे मोजतात, एकच कोर्स दोन्हीकडे धरत नाहीत. काही विद्यापीठं थोडे क्रेडिट दोन्हीकडे धरतात. म्हणून माहितीपत्रक हातात आलं की आधी 'कोणते क्रेडिट दुहेरी मोजले जातात' हा परिच्छेद शोधायचा. बाकीचं पान नंतर वाचलं तरी चालतं.

तीन, युरोपची ३+१ किंवा ३+२. लायडनला बीए १८० युरोपीय क्रेडिटचं आणि त्यावर आशिया अभ्यासाचं एमए ६० क्रेडिटचं, म्हणजे एका वर्षाचं. हे 'एकत्र' नाही, दोन स्वतंत्र प्रवेश आहेत, पण मिळून चारच वर्षं होतात. खरंच वर्ष वाचवायचं असेल तर ते इथे वाचतं.

कोरियातल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवी-पदव्युत्तर जोड मार्ग असतो, साधारण तिसऱ्या वर्षी अर्ज करून पाच वर्षांत दोन्ही. पण तोही आतल्या विद्यार्थ्यांसाठीच.

ऐरोलीकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मुंबई विद्यापीठात राहिली तर वर्ष वाचत नाही.

हिशोब बघा. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, चार वर्षांची १६०ची. महाराष्ट्रात हेच १२० ते १३२ आणि १६० ते १७६ असं धरलंय. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एमए दोन वर्षांचं. चौथं वर्ष केलंत तर एमए एका वर्षाचं. ३+२ पाच आणि ४+१ पण पाचच.

फरक आहे तो चौथ्या वर्षाच्या स्वरूपात. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. ७५च्या खाली असाल तर नुसतं ऑनर्स, प्रकल्पाऐवजी जास्तीचे कोर्स. परदेशी एमएच्या अर्जाला लेखनाचा नमुना लागतो आणि एफवाय ते टीवाय आपल्याकडे कोणी पंचवीस पानी निबंध लिहून घेत नाही. तो प्रकल्पच नमुना म्हणून लावता येतो, त्यामुळे माझं मत रिसर्चच्या बाजूने.

आणखी एक. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर यूजीसीच्या नेट परीक्षेला बसता येतं आणि पीएचडीला थेट अर्ज करता येतो, पीएचडीची मुभा यूजीसीने २०२२ मध्ये दिली आणि नेटची २०२४ मध्ये. म्हणजे भारतातच संशोधन करायचं असेल तर मधलं एमए गाळणंही शक्य आहे.

अडचण कुठे? संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, म्हणजे पहिली चौथ्या वर्षाची तुकडी २०२७-२८ची. आपल्या कॉलेजात त्या विषयाचं चौथं वर्ष चालणार आहे का, संशोधनाला मान्यता असलेले मार्गदर्शक आहेत का, हे एसवायमध्येच विभागप्रमुखांना विचारून ठेवा. नसेल तर टीवायनंतर कॉलेज बदलायची तयारी हवी.

पाचपाखाडी
वर्ष वाचत नाही म्हटल्यावर तीन वर्षांनी बाहेर पडून दिल्लीला किंवा जपानला दोन वर्षांचं एमए करणं सरळ नाही का?

सीवूड्स_दारावे
दिल्लीसाठी सरळ. जपानसाठी नाही.

जपानमध्ये एमएच्या प्रवेशाला मुळात १६ वर्षांचं शिक्षण धरतात. आपलं १०+२+३ म्हणजे १५ भरतात. त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीवाल्याला बऱ्याच ठिकाणी 'वैयक्तिक पात्रता छाननी' नावाचा वेगळा अर्ज आधी करावा लागतो. अभ्यासक्रमाचा तपशील, गुणपत्रकं, केलेल्या कामाचा पुरावा वगैरे जोडून. ही छाननी मुख्य अर्जाच्या मुदतीच्या आधी, काही ठिकाणी दोन-तीन महिने आधी संपते. मुलं मुख्य अर्जाची तारीख कॅलेंडरवर लावून बसतात आणि छाननीची तारीख केव्हाच गेलेली असते. चार वर्षांची पदवी असेल तर १६ भरतात आणि हा सगळा उपद्व्याप टळतो. जपान नक्की असेल तर चौथ्या वर्षाचं सगळ्यात मोठं कारण हेच.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचंही वेळापत्रक समजून घ्या. वकिलातीमार्फतची संशोधन विद्यार्थी श्रेणी साधारण एप्रिल-मेच्या सुमाराला जाहीर होते आणि निघणं होतं पुढच्या वर्षी, एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे चौथं वर्ष संपवून लगेच जायचं तर अर्ज तिसरं वर्ष संपताना, सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या धामधुमीतच करावा लागतो. संशोधन आराखडा त्याआधी डिसेंबरात लिहून तयार हवा. लेखी परीक्षा इंग्रजी आणि जपानी दोन्ही भाषांची असते. निवड झाल्यावरही थेट एमए मिळेल असं नाही. आधी संशोधन विद्यार्थी म्हणून जायचं, तिथे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची, मग एमए. हा मधला काळ पाच वर्षांच्या हिशोबात कोणीच धरत नाही.

कोरिया सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीत वयापेक्षा गुणांची अट आपल्याला जड जाते. पदवीला ८० टक्के किंवा वर्गात वरच्या २० टक्क्यांत क्रमांक हवा. आपल्याकडे राज्यशास्त्रात ६८ टक्के म्हणजे चांगले गुण, पण तिथे ते बाद. यावर उपाय क्रमांकाचा. कॉलेजच्या लेटरहेडवर 'अमुक विद्यार्थ्यांत तमुक क्रमांक' असं इंग्रजी पत्र. हे पत्र कॉलेजला कोणी मागितलेलं नसतं, त्यामुळे मसुदा आपणच टाइप करून न्यावा. पहिलं वर्ष भाषेचं, टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची लेव्हल ३ मिळवल्याशिवाय पदवी अभ्यासक्रम सुरू होत नाही. लेव्हल ५ आधीच असेल तर भाषेचं वर्ष माफ. वकिलातीमार्फत अर्ज केला तर तीन विद्यापीठं निवडता येतात, थेट विद्यापीठामार्फत केला तर एकच. दोन्हीकडून अर्ज चालत नाही.

टिपणवही
तिसरा प्रश्न भाषेचा. सगळी योजना इथेच ढासळते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकी परराष्ट्र खात्याचा अंदाज असा की इंग्रजी भाषकाला चिनी, जपानी, कोरियन कामापुरती यायला सुमारे २,२०० तास वर्गात बसावं लागतं. रविवारचा क्लास तीन तासांचा. गणपती, दिवाळी, परीक्षा वजा जाता वर्षाला ४० रविवार धरा. झाले १२० तास. या वेगाने १८ वर्षं. आता रोज दीड तास घरी, वर्षाला ३३० दिवस धरले तर ४९५ तास आणखी. मिळून ६१५, चार वर्षांत २,४६०. म्हणजे क्लास हा फक्त सांगाडा, मांस रोजच्या दीड तासाचं.

मराठी माणसाला जपानी आणि कोरियनमध्ये एक सवलत आहे. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय, वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलणं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. वाक्यरचना लवकर बसते. वेळ खाते ती कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं. जपान्यांची नित्य वापराची यादी २,१३६ चिन्हांची आहे. रोज दोन नवी आणि दहा जुनी असं केलं तर तीन वर्षांत संपते. मुलं एन५-एन४ला कांजी 'नंतर बघू' करतात, मग एन३ला भिंत लागते.

जेएलपीटीचं गुणांकन नीट वाचा. एन२ला १८० पैकी ९० लागतात, पण वाचन, श्रवण, शब्दसंग्रह-व्याकरण या तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ वेगळे लागतात. ११० मिळवून श्रवणात १७ पडल्याने नापास, असे निकाल दर वेळी असतात. एन५ आणि एन४ला विभाग दोनच, १२० पैकी ३८ आणि श्रवणात ६० पैकी १९. शिवाय या परीक्षेत बोलणं आणि निबंध अजिबात नाही. एन२ पास झालेल्याला सेमिनारमध्ये दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत याचं कारण हेच.

कुठवर यायला हवी? इंग्रजी माध्यमाच्या जागतिक अभ्यासाला प्रवेशापुरतं एन४-एन३ पण चालून जातं, काही ठिकाणी तेवढंही मागत नाहीत. पण पूर्व आशिया अभ्यास म्हणून प्रबंध लिहायचा आणि स्रोत मूळ भाषेतले घ्यायचे तर एन२ ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

एमएच्या अर्जाच्या वेळी हातात एन२ हवं असेल तर माझा ठोकताळा असा: एफवायच्या शेवटी एन५, एसवायच्या डिसेंबरात एन४, टीवायच्या डिसेंबरात एन३, चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात एन२. शेवटची उडी सगळ्यात मोठी आहे. एक प्रयत्न वाया जाणार असं धरून चौथ्या वर्षाच्या जुलैतही बसवावं.

कोपरी_कट्टा
चिनी आणि कोरियनवाल्यांसाठी पुरवणी. जेएलपीटीचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, पण टोपिकचा निकाल दोनच वर्षं चालतो आणि एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेचा निकालही चिनी विद्यापीठांच्या प्रवेशाला दोनच वर्षं धरतात. एफवायला हौसेने दिलेली टोपिक अर्जाच्या वेळी रद्दी. टोपिकच्या वरच्या परीक्षेत ('टोपिक २') ३०० पैकी १२०ला लेव्हल ३, १५०ला ४, १९०ला ५, २३०ला ६.

चिनीसाठी आधी ठरवा: तैवान की मुख्य भूमी. लिपीच वेगळी, पारंपरिक आणि सुलभ. दोन्ही वाचता यायला हवीत, पण लिहायला एकच पक्की करा.

हिरानंदानी_ते_हिरोशिमा
एवढं करून शेवटी कंपनीत पीपीटीच करायची ना :)

पाचपाखाडी
वर लिहिलंय साहेब, तो धागा वेगळा. :)

टिपणवही ताई, दीड तास ऐकून तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मुद्दा पटला. मायनर विषय निवडायचा आहे, तिथे काय घ्यावं?

ऐरोलीकर
मायनर हलक्यात घेऊ नका. यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एमएला जाता येतं. तिसऱ्याच विषयात जायचं तर प्रवेश परीक्षेतून. म्हणजे मायनर हा दुसरा दरवाजा.

कॉलेजात जपानी मायनर म्हणून मिळत असेल तर प्रश्नच नाही. ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. मग अर्थशास्त्र घ्या. राज्यशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर हे जोडपं सोपं जातं म्हणून सगळे घेतात, पण पूर्व आशियावर आज जे संशोधन होतं त्यात व्यापार, कर्जं, पुरवठा साखळ्या यांचे आकडे वाचावे लागतात. संख्याशास्त्राचा एखादा पेपर ओपन इलेक्टिव्हमधून उचलता आला तर सोन्याहून पिवळं.

भाषेचे कोर्स 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर असतात आणि तिथले क्रेडिट पदवीत धरता येतात, पण कॉलेजने आधी लेखी मान्यता दिली तरच. आधी कोर्स आणि मग मान्यता असा उलटा क्रम केला तर क्रेडिट हवेत. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून ठेवा, त्यात जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतं.

आणि कोणीतरी 'दोन डिग्र्या एकदम करता येतात' असं सांगेल. २०२२पासून येतात, हे खरं. दोन्ही नियमित असतील तर वेळा एकमेकींवर यायला नकोत, किंवा एक नियमित आणि एक दूरस्थ. पण याने बीए आणि एमए एकदम होत नाही. एमएला बसायला एक बीए पूर्ण लागतंच.

पारसिक
दिल्लीचं राहिलं. जेएनयूत दोन वेगळी घरं आहेत, लोक एकच समजतात. भाषा विद्यालयात चिनी, जपानी, कोरियन बीए ऑनर्स आणि एमए; तिथे भाषा, साहित्य, भाषांतर. आंतरराष्ट्रीय अभ्यास विद्यालयात पूर्व आशिया अभ्यास केंद्र; तिथे राजकारण, परराष्ट्र धोरण, अर्थकारण. भाचीची आवड बघता दुसरं. प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आणि पेपर राज्यशास्त्र-आंतरराष्ट्रीय संबंधांचा, जपानीचा नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशिया अध्ययन विभागात या विषयाचं एमए आहेच, शिवाय भाषेचे सघन पदविका अभ्यासक्रम आहेत, जे रविवारच्या क्लासपेक्षा कितीतरी पुढे नेतात. शांतिनिकेतनचं चीना भवन १९३७चं, चिनीसाठी परंपरा मोठी, पण ओढा साहित्य-संस्कृतीकडे.

जवळच राहायचं असेल तर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचं बीए-एमए आहे.

सीवूड्स_दारावे
प्रकल्पाच्या विषयाबद्दल, कारण ७५ टक्के मिळाले तरी विषय न सुचल्याने चौथं वर्ष फुकट जातं.

'भारत-चीन संबंध' किंवा 'जपानची सॉफ्ट पॉवर' असले विषय घेऊ नका. १२ क्रेडिटमध्ये मावत नाहीत आणि निवड समितीने ते शेकड्याने वाचलेले असतात. आपण राहतो तिथेच बघा. अटल सेतू, शिवडी ते न्हावा-शेवा, २१.८ किलोमीटर, जपानच्या जायका या सरकारी सहकार्य संस्थेच्या कर्जातून बांधलेला, जानेवारी २०२४ला खुला. बुलेट ट्रेनचं ठाण्याचं स्थानक, तेही जपानी कर्जावरच्या प्रकल्पातलं. न्हावा-शेवा बंदरातून होणारी पूर्व आशियाची कंटेनर वाहतूक. या तिन्हींचे कागद उपलब्ध आहेत आणि क्षेत्रभेटीला लोकलचं तिकीट पुरतं.

जायका कर्ज मंजूर करताना प्रकल्पाचं पूर्वमूल्यांकन प्रसिद्ध करते, इंग्रजीत आणि जपानीत. पाच-सात पानी कागद असतो: प्रकल्पाची गरज, कर्जाच्या अटी, पर्यावरण आणि पुनर्वसन, यश मोजायचे निकष. एन३ पातळीच्या मुलीने इंग्रजी प्रत शेजारी ठेवून जपानी प्रत वाचावी. मथळे तेच ते येतात, शब्द पंधरवड्यात ओळखीचे होतात. मग तिथल्या पुनर्वसनाच्या परिच्छेदाची तुलना इथल्या मच्छीमारांच्या नुकसानभरपाईच्या कागदांशी करायची. एक प्रकल्प, दोन देशांचे कागद, तीन भाषा. मराठी कागद वाचता येणं हा आपला खरा वरचष्मा. टोकियोतल्या संशोधकाला तो कागद कोणीतरी वाचून दाखवावा लागतो.

आणि हेतुपत्रात डॉ. कोटणीसांना आणू नका. महाराष्ट्रातून गेलेल्या प्रत्येक चीनविषयक अर्जात ते असतात. माणूस थोरच, पण अर्ज आपला असतो.

टिपणवही
कोटणीसांचं अगदी बरोबर :)

घणसोली_सेक्टर७
चौथा प्रश्न, कागदपत्रं. देशाप्रमाणे वाट वेगळी.

जपान आणि कोरिया अपोस्टील करारात आहेत, भारत २००५पासून. अपोस्टील म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का. तिथे शैक्षणिक कागदांवर आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील; अर्ज मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत. सगळ्यांनाच अपोस्टील लागतं असं नाही, आधी माहितीपत्रक बघा.

चीनही नोव्हेंबर २०२३मध्ये या करारात आला, पण भारताने हरकत घेतल्याने दोन देशांत तो लागू नाही. त्यामुळे चीनसाठी वकिलातीचं साक्षांकन. एजंट 'आता अपोस्टील चालतं' म्हणून पैसे घेतात, ऐकू नका. तैवान करारात नाही, तिथे त्यांच्या सांस्कृतिक केंद्राचं प्रमाणीकरण लागतं. त्यांचं मुंबईत केंद्र ऑक्टोबर २०२४पासून आहे. जर्मनीला जायचं तर एपीएस (शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं) प्रमाणपत्र, नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावर. आपल्या गुणपत्रकावर 'पवार सायली विजय सुवर्णा' असं, आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी. पासपोर्टवर 'सायली विजय पवार'. परदेशी कचेरीला ही दोन माणसं वाटतात, आणि सुवर्णा हे आडनाव. कॉलेजकडून 'ही एकच व्यक्ती' असं इंग्रजी पत्र आधीच घ्या. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज एकदाच करून पाच-सहा बंद लिफाफे मागवा, आणि लिफाफ्यावर विद्यापीठाचा शिक्का चिकटवलेल्या कडेवर आलाय ना ते खिडकीवरच तपासा. कडेवर नसेल तर काही ठिकाणी लिफाफा उघडलेला समजतात.

जीकेएसला पाठवलेले कागद परत मिळत नाहीत. मूळ पदवी प्रमाणपत्र चुकूनही पाठवू नका, साक्षांकित प्रत अपोस्टील करून पाठवा.

पाचपाखाडी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: मायनर अर्थशास्त्र, चौथं वर्ष संशोधनासह, जपानला थेट अर्ज आणि सोबत सीयूईटी. विभागप्रमुखांना चौथ्या वर्षाचं सोमवारी विचारतो. एक शेवटचं: जुलैच्या जेएलपीटीला बसवायची का, की डिसेंबर?

टिपणवही
एन५ जुलैतच. नोंदणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये उघडते आणि मुंबई केंद्राच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे फोटो आणि ओळखपत्राच्या फाइल आधीच तयार ठेवा. फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणे टाका, गुणपत्रकाप्रमाणे नाही. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.